साहेब माझ्यावर बसले नाहीत

मी एक जुनी गोणी आहे, मित्रांनो. पांढुर्ण्याकडे मला बोरी म्हणतात. नाव काहीही घ्या, पण ऐकताना माझ्याकडे टक लावून बघू नका. सांगताना मला लाज वाटणार आहे.

माझा जन्म बंगालमधल्या एका तागाच्या गिरणीत झाला. नवीकोरी, सोनेरी, करकरीत होते मी. शेजारच्या गोण्या म्हणायच्या, आपल्यात गहू भरतील. मला तर साखरच हवी होती. पण मी पोचले एका खाणीवर आणि माझ्यात भरला दगड. मात्र हा दगड दगडासारखा नव्हता. कुटला की त्याचे तंतू सुटायचे, पांढरे, मऊ, कापसासारखे. त्याला अ‍ॅस्बेस्टॉस म्हणतात हे मला पुढे कळलं. तेव्हा मी नुसती फुगून गेले होते. साखर काय, कोणीही भरतं!

मालगाडीनं मी पांढुर्ण्याला आले आणि तिथून ट्रकनं एका कारखान्यात. तिथे हे तंतू सिमेंटमध्ये कालवून छपरांचे पत्रे बनवत. गोण्यांची शिवण उसवायची आणि त्या हौदात रित्या करायच्या, हे काम सुखदेवचं. तोंडाला एक रुमाल, तोही घामानं भिजला की गळ्यात. त्यानं मला उलटी करून दोन थापा मारल्या, तेव्हा असा धुरळा उठला की त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या.

रिकाम्या गोण्या कामगारांनी घरी नेल्या तर कारखान्याची काही हरकत नसे. सुखदेवनं मला सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि तिगाव स्टेशनापलीकडच्या आपल्या गावी नेलं. माणूस मोठा गमत्या. अंगणात पाऊल टाकत बायकोला, लीलाबाईला म्हणाला, "आपल्या इकडं झाडाले कापूस येते, साहेबाच्या इकडं दगडाले येते. घे, तुह्यासाठी आणली बोरी."

धुतलं तर ताग कुजतो, म्हणून लीलाबाईनं मला नुसतंच झटकलं, खूप वेळ, दोन्ही हातांनी. मग कडा दुमडून शिवल्या आणि मी तिच्या लेकीचं, सुधाचं, शाळेतलं बसायचं बस्कर झाले. सुधा तेव्हा पहिलीत होती. थंडीत शाळेची फरशी म्हणजे बर्फ! सगळी पोरं माझ्यावर बसायला भांडायची. गुरुजींनी सुखदेवला विचारलं की आणखी मिळतील का. सुखदेवनं आणल्या, लीलाबाईनं झटकल्या, शिवल्या, वाटल्या. वर्षभरात साऱ्या वर्गात माझ्या बहिणी पसरल्या. पंधरा ऑगस्टला सरपंच भगवंतरावांनी लीलाबाईला सगळ्यांसमोर नारळ दिला. त्या दिवशी मला वाटलं, साखर भरली असती तर एवढा मान मिळाला असता का?

पोरींचा एक खेळ होता. माझ्या विणीतून पांढरे तंतू उपटायचे आणि फुंकर मारायची. जिचा तंतू जास्त वेळ हवेत राहील ती जिंकली. मीही हसायचे, मित्रांनो. ते हसणं आठवलं की आता अंग चोरावंसं वाटतं.

अशी चार वर्षं गेली. सुखदेवला खोकला लागला. जो तो म्हणे, बिडी सोड. त्यानं जन्मात बिडी ओढली नव्हती. मग दवाखान्यात क्षयाच्या गोळ्या दिल्या, त्यानं काही फरक पडला नाही. विहिरीवरून एक बादली आणताना तो तीनदा बसायला लागला. शेवटी लीलाबाई त्याला नागपूरला घेऊन गेली.

शनिवारी सुधा मला घरी आणायची, म्हणून तिथून आल्यावरचं बोलणं मी कोपऱ्यात पडून ऐकलं. मोठ्या डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहिला होता आणि काम कोणतं ते विचारलं होतं. म्हणाले, ही धूळ फुप्फुसात रुतून बसते, औषधानं निघत नाही. आणखी लोकांना होऊ देऊ नका. तिकडच्या गोण्या घरात असतील तर झटकू नका, ओल्या करून खोल पुरा. आहेत का गोण्या, असं त्यांनी विचारलं. लीलाबाई नाही म्हणाली. आपल्या हातांनी अख्ख्या शाळेत वाटल्या, हे सांगायला तिची जीभच उचलली नाही.

सोमवारी तिनं सुधाला मला नेऊ दिलं नाही. खाली फरशीवर बस म्हणाली, कारण सांगितलं नाही. तेवढ्यात सुधाची मैत्रीण गुलाब तिला बोलवायला आली. मला कोपऱ्यात पाहून म्हणाली, "काकू, हिले नको तं मी नेऊ?"

लीलाबाई माझ्याकडे बघत राहिली. ती आता सांगेल असं मला वाटलं. ती एवढंच म्हणाली, "ने."

महिनाभर गुलाब माझ्यावर बसली. शेजारी सुधा गार फरशीवर. माझी धूळ गुलाबच्या फ्रॉकला चिकटून तिच्या घरी जात होती, आणि हे तिघांनाच ठाऊक होतं: लीलाबाईला, सुखदेवला आणि मला.

मग कारखान्याचे साहेब आले. त्यांना दुसरा, मोठा कारखाना उभारायचा होता, आमच्या शाळेच्या भिंतीला लागून असलेल्या पडीत जागेवर. पंचायतीनं आपली हरकत नाही असा ठराव लिहून द्यायचा, एवढंच बाकी होतं. १९८६ चा फेब्रुवारी होता तो. सभा शाळेतच भरली. पोरं आपापल्या जागी, मोठी माणसं भिंतीला टेकून. भोपाळच्या वायूला सव्वा वर्ष झालं होतं, त्यामुळे कोणीतरी दबकत विचारलं की धुराधुळीचं काय. साहेब म्हणाले, तो वायू होता, हे सिमेंट आहे. मग त्यांचं लक्ष आमच्याकडे गेलं आणि त्यांचा चेहरा खुलला. ही मुलं चार वर्षं आमच्याच गोण्यांवर बसताहेत, म्हणाले, एखादं तरी आजारी पडलं का? यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

लोक माना डोलवू लागले. भगवंतरावांनी पेनाचं टोपण काढलं.

मित्रांनो, मी पुरावा! मला तोंड असतं तर मी ओरडले असते. विणीत अजून पांढरे तंतू घेऊन मी गप्प पसरलेली होते, आणि माझ्याच जिवावर ठराव होत होता.

तेव्हा लीलाबाई उठली. गुलाबला हळूच बाजूला केलं, मला उचललं, झटकलं नाही. अलगद नेऊन साहेबांच्या पायांपुढे अंथरलं. पाहुण्याला बसायला देतात तशी.

"उभे काऊन साहेब? बसा ना."

साहेब हसले. नको म्हणाले.

"पोट्टे चार वर्षं बसून राहिले. तुमी घडीभर बसा."

साहेबांनी खिशातून रुमाल काढला, घाम पुसला, आणि तो रुमाल नाकाशीच राहिला. ते एक पाऊल मागे सरकले. "मैं खड़ा ही ठीक हूँ," म्हणाले.

दुसऱ्या एखाद्या गोणीला हा अपमान वाटला असता. माझ्याबद्दल कोणी पहिल्यांदाच खरं बोललं होतं.

भगवंतरावांनी टोपण परत लावलं. लीलाबाईनं मग सगळं सांगितलं, सुखदेवच्या छातीचं, डॉक्टरांचं, मान खाली घालून. गुलाबची आई कलाबाई पुढे आली.

"तुले कवा समजलं हे, लीला?"

"महिना झाला."

"अन् माही गुलाब?"

कलाबाईनं लेकीचा हात धरला आणि ती चालती झाली. तिच्यामागे एकेक आई आपलं पोर घेऊन निघाली. साहेबांची जीप कोऱ्या कागदासकट गेली, पण लीलाबाईशी कोणी बोललं नाही. शाळा वाचली होती आणि ती एकटी उभी होती.

दुसऱ्या दिवशी तिनं गावाबाहेर कमरेएवढा खड्डा खणला, एकटीनं. आम्हा सगळ्यांना तिथे आणलं. एकच घागर पाणी होतं, ते दोन गोण्यांतच संपलं. तेवढ्यात बांधावरून कलाबाई आली, डोक्यावर भरलेली घागर. तिनं पाणी माझ्यावर ओतलं, पदरानं नाक झाकून दुसरी घागर आणायला विहिरीकडे वळली. अशा तिनं सात खेपा केल्या. लीलाबाई रडत माती ओढत होती.

आता मी खोल ओल्या मातीत आहे. माझ्यात काय भरायचं हे माझ्या हातात नव्हतं, त्याचं दुःख होतं, लाज नाही. लाज मला त्या एका महिन्याची वाटते. मित्रांनो, चूक हातून होऊन जाते, कधी प्रेमानंसुद्धा होते. पण आपल्यापायी कोणाच्या लेकराचा श्वास अडणार आहे असं ज्या दिवशी कळेल, त्याच दिवशी त्याच्या दारात जा आणि सांगा. बोलणी बसतील, बसू द्या. गुलाबनं माझ्यावर बसून त्या महिन्यात सतराचा पाढा पाठ केला. तिला कधी खोकला येऊ नये, एवढंच मी इथे पडल्या पडल्या मागत असते.