सोफा हेरंबचा, फ्रिज मुकुंदरावांचा

वहिनी गेली आणि माझ्या भावाचं, समरजितचं, डोकंच ठिकाणावर राहिलं नाही. पोरांना खोलीत कोंडून दोन-दोन दिवस गायब! शेजाऱ्यांनी तक्रार केली. चौकशी संपेपर्यंत बाल कल्याण समितीने शिवांगी आणि धैर्यशीलला आत्याकडे, म्हणजे माझ्याकडे ठेवलं. त्यांच्या खर्चाला सरकारी मदत मिळणार होती. ती नाही मिळाली, तर माझ्या शिवणकामावर चार पोटं भरणं अशक्य. पोरं बालगृहात गेली असती. आमच्या यांची नोकरी सुटलेली, आणि ते गल्लीत कुणाला सांगायची मला बंदी!

समितीच्या निरुपमाबेन घर बघायला येणार म्हटल्यावर आमचे हे, धनाजीराव, चवताळून उठले. यांचे पणजोबा गायकवाड महाराजांच्या पागेत होते ना! "सरकारी माणसाला चटईवर बसवायचं? मोहित्यांची अब्रू काय राहील?"

झालं! सकाळपासून आमच्या पाणीगेट भागातली अख्खी गल्ली घरात शिरली. हेरंबचा सोफा आला. मुकुंदरावांचा फ्रिज चौघांनी वाहून आणला. पिलाजीरावांनी भिंतीवरची तलवार दिली. मीही काही कमी नाही, स्नेहलताकडून चांदीचा ट्रे आणला. पोरं सोफ्यावर उड्या मारत होती, आणि खोटं कशाला बोलू, मलाही भारी मजा येत होती.

निरुपमाबेननी सगळं न्याहाळलं. "सरस! तो पछी सहायनी शी जरूर छे?" म्हणत पेन काढलं. मदतीची गरज नाही, असं लिहिणार होत्या बाई!

मी त्यांचा हात धरला. "थांबा बेन! फ्रिज आमचा नाही!"

यांनी डोळे वटारले. मी कुठली ऐकतेय! "सोफा हेरंबचा, ट्रे स्नेहलताचा..."

"अने तलवार?"

"पिलाजीरावांची. तीही लाकडाची."

तेवढ्यात मुकुंदरावांची सून दारात. "काकी, पाहुणे आलेत, आमच्या फ्रिजमधलं दूध द्या ना!" बेन इतक्या हसल्या की चष्मा खाली पडला. आम्हीही हसत सुटलो, हे सोडून.

"बीजुं कंई मांगीने लाव्या छो?" बेननी डोळे पुसत विचारलं. आणखी काही मागून आणलंय का?

शिवांगीने हात वर केला. "आम्हाला. आम्हालाही परत द्यायचंय ना?"

मला तर रडूच फुटलं.

हे उठले. दारात मुकुंदरावांची सून उभी होती, तरी खणखणीत आवाजात म्हणाले, "लिहा बेन. माझी नोकरी गेलीय. पोरांसाठी मदत पाहिजे."

आणि शिवांगीचा वर राहिलेला हात त्यांनी आपल्या हातात घेतला.