शिसवी गिटारची कैफियत

मित्रांनो, आधी माझं वजन सांगते, कारण माझ्या आयुष्यातलं सगळं भलंबुरं त्या वजनापायीच घडलं. मी सहा किलो शंभर ग्रॅमची होते. आज साडेचारच्या आसपास असेन. मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे, शिसवी लाकडाची, आणि बोरीवली पूर्वेला एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहते. वय झालं की माणसांची वजनं वाढतात म्हणे. माझं घटलं. ते कसं घटलं, ते ऐका.

१९६६ साली मुलुंडला मार्तंड सुतारांच्या शेडमध्ये मी जन्मले. मला घडवून घेणारा जयवंत तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. मूळचा मालवणकडचा, कांदिवलीच्या एका कारखान्यात मोटारींच्या वाइंडिंगचं काम करायचा आणि संध्याकाळी कुणाची तरी गिटार मागून आणून वाजवायचा. परदेशी गिटार त्याला परवडणारी नव्हती, आणि परवडली असती तरी मिळत नव्हती. त्याच्या डोक्यात एक गोष्ट मात्र पक्की बसली होती की, लाकूड जितकं जड तितका सूर लांब. म्हणून जुन्या बाजारातून तो एका पेढीच्या गल्ल्याची जाड शिसवी फळी खांद्यावर घालून घेऊन आला.

"जयवंता, गिटार करायची की पाटा-वरवंटा?" मार्तंडकाका म्हणाले. "सागवान घे. हलकं पडेल."

"हलकं नको. मला जडच पायजे," जयवंत म्हणाला.

त्या वेळी मी नुसती फळी होते, पण हे वाक्य मी नीट ऐकलं. मी काही आपल्या मनाने जड झाले नव्हते. मला मागून जड करून घेतलं होतं.

मला कापून, तासून, घासून पुरी करायला मार्तंडकाकांना तीन महिने लागले. माझा आवाज पकडणारे पिकअप जयवंताने घरी स्वतः केले. चुंबकांवर केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घालायचे, आणि तेही मोजून. मोजताना त्याचे ओठ हलायचे. मध्येच त्याची बायको प्रेमा हिने चहाला हाक मारली की आकडा विसरायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. प्रेमा शेवटी चहा न बोलता बाजूला ठेवायला शिकली. मी तयार झाले तेव्हा जयवंताने मला वाण्याच्या दुकानात नेलं, तागडीतले कांदे उतरवून मला ठेवलं आणि आकडा बघून असा काही हसला, की वाण्याला वाटलं याला मुलगी झाली. एका अर्थाने झालीच होती.

मग माझे सुखाचे दिवस आले. अंधेरीला श्यामकांत नावाचा एक बँकेतला हौशी माणूस होता. त्याने आणि जयवंताने मिळून 'झुळूक ऑर्केस्ट्रा' काढला. गणेशोत्सव, सोसायट्यांच्या पूजा, लग्नाचे स्वागतसमारंभ, घाटकोपरपासून बोरीवलीपर्यंत एकही मैदान आम्ही सोडलं नाही. जयवंताने एक तार छेडली की तो सूर मांडवाच्या टोकापर्यंत जाऊन रेंगाळायचा. कार्यक्रम संपल्यावर लोक मला उचलून बघायचे. "अरे बापरे, ही गिटार आहे की गॅसची टाकी?" असं कुणी म्हटलं की जयवंत छाती पुढे काढायचा. "जड आहे म्हणूनच अशी बोलते ती," असं तो सांगायचा. मला त्या वाक्याचा फार अभिमान होता. आता स्वतःचाच राग येतो, पण होता.

ऑर्केस्ट्राचा एक नियम होता. तबलजी सोडून सगळ्यांनी उभं राहूनच वाजवायचं, तिन्ही तास, पांढऱ्या सुटात. आमच्यात अॅकॉर्डियन वाजवणारे कुंडलिकमामा होते. त्यांचे गुडघे दुखायला लागले तेव्हा त्यांनी भीत भीत एक स्टूल मागितलं. श्यामकांताने कदाचित दिलंही असतं. पण जयवंतच म्हणाला, "मामा, बसून वाजवायचं ते भजनात. इथे बसलात तर लोक म्हणतील, म्हाताऱ्यांचा ऑर्केस्ट्रा आलाय." सगळे खो खो हसले. मामाही हसले. पुढच्या कार्यक्रमाला ते आले नाहीत, आणि नंतरही कधी आले नाहीत.

वर्षं कुणासाठी थांबत नाहीत. १९८३-८४च्या सुमारास जयवंताचा डावा खांदा बोलू लागला. माझा पट्टा त्याच खांद्यावर असायचा. सूट शिवणारा शिंपी मापं घेताना त्याचा डावा खांदा अर्धा इंच उतरता धरायचा, न सांगता. मग बोटांना मुंग्या यायला लागल्या. प्रेमा रोज मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून खांदा शेकायची.

"आरशात बघा जरा. एक बाजू खाली गेली हा," ती म्हणायची. "हिका उतरून ठेवा आता."

"काय झाला नाय गो," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं, मानेचे मणके झिजलेत, तीन-तीन तास गळ्यात ओझं नको. जयवंताने तो फोटो गादीखाली सरकवला. श्यामकांताला सांगायची सोय नव्हती. जयवंत पंचावन्नच्या घरात आला होता. कारखान्यात त्याला कुणी विचारत नव्हतं, सोसायटीत त्याच्या नावाची पाटीसुद्धा धड नव्हती, पण मैदानात चारशे माणसं त्याच्या एका सुरावर माना डोलावायची. तेवढी एक जागा त्याची होती. ती जाईल या भीतीने तो आतून पोखरला होता. ते मला कळत होतं, आणि मला त्याची कीव येत होती. म्हणून तर मी गाफील राहिले.

१९८५च्या गणपतीआधी एका रविवारी त्याने मला पिशवीत घातलं आणि आरे कॉलनीतून जाणाऱ्या बसने मुलुंडला नेलं. मला वाटलं, तारा बदलायच्या असतील. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "काका, एवढं जड काय आहे? हिचंपण तिकीट काढा." लोक हसले. जयवंत हसला नाही. त्याने पहिल्यांदाच कुणाला सांगितलं नाही, की जड आहे म्हणूनच ती बोलते.

मार्तंडकाका आता सत्तरीचे होते, पण हात अजून चालत होते. जयवंताने मला त्यांच्या बाकावर पालथं घातलं.

"मागून पोकळ करा," तो म्हणाला. "जेवढं लाकूड काढता येईल तेवढं काढा."

काकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "खांदा दुखतोय ना तुझा? मग खुर्ची घे रे. गिटार कशाला कापतोस?"

"स्टेजवर खुर्ची? लोक हसतील, काका."

"हसू देत की."

"मी हसलोय लोकांना. मला माहितीय, कसं हसतात." जयवंताने मला बाकावर पुढे सरकवलं. "तुम्ही करता, की दुसरीकडे नेऊ?"

काकांनी पटाशी उचलली. मित्रांनो, ज्या हातांनी मला घडवलं त्याच हातांनी माझी पाठ उघडली, आणि ज्याने मला जड मागून घेतलं तो शेजारी उभा राहून म्हणत होता, "अजून थोडं, काका. अजून थोडं." लाकडाला दुखत नाही असं तुम्हाला वाटत असेल. वाटू द्या. संध्याकाळी बाकाखाली काळ्या ढलप्यांचा ढीग पडला होता, दीड किलोचा. वरून पोकळीवर एक सनमायकाचा तुकडा स्क्रूने बसवला, स्वयंपाकघरातल्या कपाटाला लावतात तसला, फिकट पिवळा.

दोघांनीही एक चूक केली होती, आणि ती त्यांना कळायला आठ दिवस लागले. वजन त्यांनी माझ्या धडातून काढलं. माझी मान तशीच राहिली, शिसवी लाकडाची, टोकाला सहा लोखंडी खुंट्या. पट्ट्यात अडकवलं की आता माझी मान जमिनीकडे झुकायची. पूर्वी मी त्याच्या अंगावर तोल सांभाळून स्वस्थ लटकत असे. आता त्याला डाव्या हाताने मला उचलून धरावं लागायचं, आणि त्याच हाताने वाजवावंही लागायचं. खांद्याचं दुखणं मनगटात उतरलं. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय!

घाटकोपरच्या मैदानात पाचव्या दिवशी आमचा कार्यक्रम होता. अँप्लिफायर मोठा केला आणि माझ्या पोकळ पाठीतून असा कर्कश हुंकार उठला, की पुढच्या रांगेतल्या बायकांनी कानावर हात ठेवले. सनमायका थरथरत होता. चौथ्या गाण्यात जयवंताची बोटं बधिर झाली, माझी मान त्याच्या हातातून सुटली आणि सूर भलतीकडेच पडला. गायिका थांबली. मैदानात शिट्ट्या वाजल्या.

पडद्यामागे श्यामकांत धावत आला. "जयवंत, वाट लावलीस यार! काय झालं काय?"

मी वाट बघत होते. मला वाटलं, आता तो सांगेल. माझा खांदा गेलाय, म्हणेल. मी हिला कापली, म्हणेल. एकोणीस वर्षं मी त्याच्या बरगड्यांना लागून वाजले होते, तेवढा हक्क मला होता.

"गिटारच खराब आहे ही," जयवंत म्हणाला. "लाकूडच मुळात बेकार निघालं. जुनाट झालीय, भंगार."

पटाशीचं मला एक वेळ विसरता येईल. हे नाही.

श्यामकांताच्या भावाने दुबईहून एक गिटार आणली होती, झकास लाल रंगाची, तीन किलोचीसुद्धा नव्हती. ती ऑर्केस्ट्राच्या मालकीची म्हणून जयवंताला वाजवायला मिळाली. मी कपाटावर गेले, पाहुण्यांच्या गाद्यांमागे. वर्षभर मी तिथे होते. माझ्या तारा गंजल्या. प्रेमा दिवाळीला तेवढी फडक्याने पुसायची आणि परत ठेवायची.

पण दुखणं गिटारीत नव्हतंच, ते त्याच्या मणक्यात होतं. तीन किलो असो की सहा, तीन तास उभं राहणं त्याला झेपेना. पुढच्या गणपतीआधी श्यामकांत एका दुपारी घरी आला, चहा घेतला, प्रेमाच्या पोह्यांचं कौतुक केलं आणि जिन्यात चपला घालता घालता म्हणाला, "या वर्षी तू आराम कर. दुसऱ्या एकाला बोलावलंय. ती लाल गिटार तेवढी दे ना, जाता जाता घेऊनच जातो."

अठरा वर्षांचा ऑर्केस्ट्रा चपला घालेपर्यंत संपला. खरं सांगू? मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी जयवंताने मला खाली काढलं. दुसरी कुणी उरलीच नव्हती. नव्या तारा चढवल्या. अँप्लिफायर लावला नाही, पट्टाही लावला नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी स्टूल ओढून त्यावर बसला आणि मला मांडीवर घेतलं. माझा सगळा भार त्याच्या मांडीवर टेकला. वरून त्याचं उजवं कोपर आलं, माझी मान आपोआप सावरली. त्याचा डावा हात मोकळा झाला. खांद्यावर काहीच नव्हतं. तासभर तो वाजवत राहिला, जुनी, नवी, जी आठवतील ती गाणी. मी सहा किलोंची असते तरी त्या मांडीला कळलं नसतं. दहा असते तरी.

प्रेमा भाजी निवडता निवडता बघत होती. शेवटी तिने विचारलं, "बसान वाजवूक येता ना तुमका? मगे हिका कापलात कित्याक?"

जयवंताचा हात थांबला. माझा सूर आता फार टिकत नाही, त्यामुळे लगेच शांत झालं. त्याने माझ्या जुळलेल्याच तारा पुन्हा जुळवायला घेतल्या. मग तिने भाजी उचलली आणि ती आत गेली.

त्याला आता तीनेक वर्षं झाली. परवा खालच्या मजल्यावरच्या नीलावहिनी डबा परत द्यायला आल्या. जयवंत स्टुलावर बसून वाजवत होता. त्या कौतुकाने ऐकत उभ्या राहिल्या, मग त्यांची नजर माझ्या पाठीवर गेली.

"अहो, एवढं सुंदर काळं लाकूड, आणि मागे हा सनमायका कशाला?"

जयवंताने मला किंचित आपल्याकडे वळवलं, पाठ दिसू नये अशी.

"पहिल्यापासूनच तसं आहे, वहिनी," तो म्हणाला.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी थकलं असेल. त्याला लाज न वाटता बसता यावं म्हणून तुम्हीच आधी खुर्ची पुढे करा, आणि बसणाऱ्याला कधी हसू नका. तुम्ही स्वतः थकलात तर तसं सांगा. आपलं दुखणं दुसऱ्याच्या अंगावर कोरून काढू नका, त्याने ते कमी होत नाही. आणि एवढं सगळं कळूनही हातून चूक झालीच, तर निदान ती आपली म्हणा. मला माझं दीड किलो लाकूड परत नको आहे. त्या ढलप्या मार्तंडकाकांच्या चुलीत केव्हाच जळून गेल्या. जयवंत रोज मला मांडीवर घेतो, मायेने पुसतो, माझ्या तारा जुळवतो, आणि मी वाजते, कारण न वाजणं माझ्या हातात नाही. मला त्याच्या तोंडून फक्त एकदा ऐकायचंय, कुणाहीसमोर, अगदी रिकाम्या खोलीतसुद्धा चालेल: "ही अशी नव्हती. मी केली."