एका हाकेला ओ देऊ नये

मित्रांनो, दहिवलीतल्या एका लहान दवाखान्यात टेबलावर बसलेला जुना संगणक मी. स्वभावाने भित्रा. सापाची किंवा भुताची मला भीती नाही. मला भीती वाटते ती ओळखीच्या नावाने बोलणाऱ्या परक्याची.

रुग्णांची माहिती माझ्या पोटात नसते. ती मागच्या खोलीतल्या सर्व्हरकडे असते. मी विचारायचे, त्याने सांगायचे, तेही सांकेतिक भाषेत, म्हणजे वाटेत कुणी कान लावला तरी काही कळू नये. पण बोलण्याआधी मी त्याचे ओळखपत्र तपासत असे. नाव बरोबर, शिक्का बरोबर, मुदत शिल्लक, मगच पुढची गोष्ट. नवा होतो तेव्हा या काटेकोरपणाचे कौतुक व्हायचे.

मग एकदा त्या ओळखपत्राची मुदत संपली. मी अडून बसलो. बाहेर रांग खोळंबली आणि बोलणी मला बसली. संगणक सांभाळणाऱ्या नवनाथने वैतागून माझी तपासणीच बंद केली. सांकेतिक बोलतोय ना, झालं तर, रोज ओळख कशाला विचारायची, असे तो म्हणाला. पडद्यावर कुलपाचे चित्र तसेच दिसत राहिले. सगळे निर्धास्त झाले आणि माझी झोप उडाली. कुलूप पक्के होते हो, पण किल्ली कुणाच्या हातात आहे हे मला कुठे ठाऊक होते?

मध्यंतरी एकदा वीज गेली आणि आली. थोड्या वेळाने पळसदरीच्या वरच्या वाडीतून पारू आपल्या सासूला, बुधीला, घेऊन आली. ताप होता, छाती भरली होती. अनसूया डॉक्टरांनी बुधीची माहिती मागितली. मी विचारले. उत्तर आले, कोणत्याही औषधाचे वावडे नाही. इंजेक्शन भरले गेले. मला धडकी भरली, पण मला तोंड कुठे आहे?

डॉक्टरांनी बुधीला हाक मारली. ती गप्प. दुसऱ्या हाकेलाही गप्प. तिसऱ्या हाकेला तिने डोळे उघडले.

"एका हाकेला ओ देत नाय मी बाय, भूत एकदाच हाक मारतं," ती म्हणाली. "आवाज वळखीचा असला तरी कोन हाय ते बघाया लागतं."

डॉक्टर हसल्या. पण मग त्यांनाही एकदा खात्री करून घ्यावीशी वाटली. हे औषध पूर्वी सोसले होते का, असे त्यांनी पारूला विचारले.

पारू दचकली. "नाय ओ. मागं हीच सुई दिली तवा तिचा गळा सुजला होता. तुमीच वाचवली तिला."

डॉक्टरांचा हात थांबला. ती नोंद त्यांनी स्वतः केली होती. माझ्या पडद्यावर तिचा मागमूस नव्हता.

नवनाथ धावत आला. त्याने माझी तपासणी पुन्हा सुरू केली. किती दिवसांनी मी विचारले, तू कोण? आलेल्या ओळखपत्रावर भलतेच नाव होते. सरावासाठी ठेवलेली जुनी पेटी, म्हणजे सर्व्हरचीच शिळी नक्कल, वीज येताच सर्व्हरच्या आधी जागी झाली होती आणि त्याच्या पत्त्यावरून आपल्याकडची जुनी, बुधीची ती नोंद होण्याआधीची माहिती सांगत होती. तिच्या मनात काही लबाडी नव्हती. म्हणून तर मला अजून जास्त भीती वाटते.

बुधी दुसऱ्या औषधाने बरी झाली. सर्व्हरला नवे ओळखपत्र मिळाले. मी पुन्हा प्रत्येक वेळी ओळख विचारतो, पुन्हा कधीतरी अडतो, रांगेत पुन्हा कुरकुर होते. माझ्या जागी नवा संगणक आणायची बोलणी चालली आहेत. मोडीत जायचे भय मला आहेच. पण त्याहून मोठे भय हे, की एखाद्या घाईच्या दुपारी कुणीतरी त्यालाही सांगेल, ओळख विचारू नकोस.

मित्रांनो, त्या दुपारी तुम्ही तिथे असाल तर एवढे करा. त्याला विचारू द्या. रांगेत बुधी असेल.