बार्बरा आजीसाठी पोल्का

१९८२चा ऑगस्ट. रुमानियातल्या टेमेश्वारच्या रेडिओवर रविवारी दुपारी जर्मन कार्यक्रम लागला, की खेड्यापाड्यांत पिढ्यान्पिढ्या राहिलेली जर्मन माणसं हातातलं काम टाकून बसायची. कुणाचा वाढदिवस, कुणाच्या लग्नाला पन्नास वर्षं. नाव वाचायचं आणि बँडवर वाजवलेल्या पोल्का नाचाची तबकडी लावायची. बावीस वर्षं ही नावं इर्मट्राउड किल्झर वाचत आली होती.

त्या रविवारी तिनं पाचवी चिठ्ठी हातात घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली. 'लोव्रिनच्या बार्बरा हेन यांना ऐंशीव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. पोल्का लावावी. सून अपोलोनिया.'

लोव्रिन तिचं माहेर. बार्बरा आजीच्या मयताला ती स्वतः गेली होती, त्याला दोन वर्षं झाली.

ही शुभेच्छा नव्हे, खूण आहे, हे तिच्या ध्यानात आलं. अपोलोनियाचा मुलगा ब्लासियस देश सोडून पळायला निघाला होता आणि महिनाभर बेपत्ता होता. सरहद्दीलगतच्या मक्यात कुठेतरी कानाला ट्रान्झिस्टर लावून, आता निघ, या निरोपाची वाट पाहत बसला असणार.

चिठ्ठीवर मंजुरीचा शिक्का होता. पण काचेपलीकडे सरकारी माणूस, देमियान, बसलेला. वाचलं नाही तर पोरगा अडकणार. वाचलं तर सारं लोव्रिन ऐकणार, आणि फितूर कुठल्या गावात नसतो? लाल दिवा लागला.

तिनं वाचलं.

पोल्का सुरू झाली तसा देमियान आत आला. "काय बाई, आवाज कापत होता?"

"घसा बसलाय."

"तुमच्याच गावची ना ही आजी?"

"आमच्या गावात निम्म्या म्हाताऱ्या बार्बराच आहेत, साहेब. कुठली कुठली लक्षात ठेवू?"

तो हसला. चिठ्ठी मात्र घडी घालून खिशात टाकली.

पुढचे तीन आठवडे जिन्यात पाऊल वाजलं की तिचा घास हातातच राहायचा. नवऱ्यालाही ती काही बोलली नाही.

मग एका सकाळी बाजारात मिरच्यांच्या ढिगाशी अपोलोनियानं तिचा दंड धरला. "इर्मे, पोरी, आमचा ब्लासियस पश्चिम जर्मनीत, उल्मला..."

"गप्प बसा, मावशी! मला काही सांगू नका."

"अगं, पण तुझ्यामुळेच..."

"तुमच्या पाया पडते. मला ठाऊकच नको."

म्हातारीचे डोळे भरून आले. इर्मट्राउड दंड सोडवून, मिरच्या न घेताच निघाली. पोरगा सुटला होता. तिला हसू फुटलं, आणि तेवढ्यात मिरचीवाल्यानं आपल्याकडे जरा जास्तच वेळ पाहिल्यासारखं वाटलं. तिनं पदपथ बदलला आणि लांबच्या रस्त्यानं घर गाठलं.