तडतडणारं कुरण

आत्याच्या अकरा गाई त्या पिवळ्या फुलांना शिवत नव्हत्या. भोवतालचं गवत वस्तऱ्याने काढल्यासारखं साफ, फुलं मात्र ऐटीत उभी. "चांगलं ते शेवटी खातात गं," असं आत्याचं तीन वर्षं ठाम मत होतं. चौथ्या वर्षी निम्मं कुरण पिवळं झालं, गाईंच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या, तेव्हा तिने तणांच्या खात्यात नोकरी करणाऱ्या भाचीला बोलावलं.

भाचीने एक देठ मोडला. पांढरा चीक ओघळला.

"माझ्या गाईंपेक्षा जास्त देतंय," आत्या म्हणाली.

"हात लावू नकोस, फोड येतील. याचं आधी काय केलं होतंस?"

"नांगरलं. तीनदा. मुळांची खांडोळी केली!"

"आत्या, प्रत्येक तुकड्यातून नवं रोप येतं."

आत्याने मनातल्या मनात गुणाकार केला आणि बसायला दगड शोधला.

चीक बऱ्याच झाडांना असतो, म्हणून खात्री करायला भाचीने मूळ उकरायला घेतलं. हात कोपरापर्यंत गेला, मग खांद्यापर्यंत, शेवटी कान जमिनीला टेकला. मूळ आपलं खालीच चाललेलं, जणू तिथे त्याला कुणीतरी भेटीची वेळ दिली होती.

ऊन चढलं आणि कानाशी वाजलं, टक्.

पिकलेलं बोंड तापून फुटलं होतं. बी उडून थेट आत्याच्या चष्म्यावर आपटलं. मग दुसरं, दहावं, आणि बघता बघता सगळं कुरण तडतडू लागलं. पाय नसलेलं ते झाड पाच-पाच पावलं पुढे चाललं होतं, एकाच वेळी, चहूबाजूंनी.

"हेच ते तण," भाची पुटपुटली. नोंदवही उघडली होती, पण हात हलेना. आत्याही तोंड उघडं ठेवून बघत होती. एक बी आत गेलं, ते तिने थुंकलं.

"माझ्या गाई?" तिने विचारलं.

"तूर्त दुसऱ्या कुरणात. इथे कोवळे कोंब आले की शेळ्या सोडायच्या. त्यांना हे पचतं, आवडतंही. दरवर्षी, बरीच वर्षं."

"दुसरं कुरण जावेचं. शेळ्याही जावेच्याच. तिच्याशी मी सहा वर्षं बोललेली नाही."

"मग बोल."

आत्या कुंपणाशी गेली. पलीकडे जाऊ शेळ्या राखत होती. घसा खाकरला. "काय गं, शेळ्या बऱ्या आहेत ना?"

"मीही बरी आहे," पलीकडून जाऊ म्हणाली, "विचारलंस म्हणून सांगते."

"काम आहे, सांगते मग. आधी इकडे ये," आत्या हळू आवाजात म्हणाली. मागे कुरण अजून तडतडत होतं. "काही बोलू नकोस. नुसतं ऐक."