कॅसिओचे सर

साक्षीच्या कॅसिओला सर शोधण्यात रविराजच्या घरचे जून-जुलै गेले. कॅसिओ म्हणजे मामानं वाढदिवसाला दिलेला कीबोर्ड. त्याच्यावर नाव कुठल्याही कंपनीचं असो, काळेवाडीत त्याला कॅसिओच म्हणतात. सातवीतली पोर मोबाइलवर बघून बघून उजव्या हातानं गाणी वाजवायला शिकली होती, डावा हात मात्र मांडीवर पाहुण्यासारखा पडून असायचा. डिसेंबरात शाळेचं गॅदरिंग होतं आणि तिथं एकटीनं वाजवायचं म्हणून तिनं नाव देऊन टाकलं होतं. घरी विचारलं नव्हतं, फक्त कळवलं होतं.

पहिला क्लास वाकडला, मॉलच्या वर. आठ पोरं, आठ हेडफोन आणि मधून हिंडणारी एक मॅडम. "मॅडमना माझं काही ऐकूच येत नाही," साक्षी म्हणाली, आणि ते खरंच होतं. दुसरे सर मारुंजीत राहणारे आयटीवाले. शनिवार-रविवार हौसेनं शिकवायचे, पण महिन्याच्या आत कंपनीनं त्यांना बेंगळुरूला उचललं. तिसरे घरी यायचे, चहा घ्यायचे आणि शिकवायचं सोडून स्वतःच वाजवत बसायचे. चौथ्या दिवशी जयमालानं, म्हणजे साक्षीच्या आईनं, चहा दिला नाही. पाचव्या दिवशी सर आले नाहीत.

या सगळ्या वरातीत रविराजचं काम एकच, स्कूटर चालवणं. साक्षी मागं बसायची, दोन्ही हातांनी त्याच्या पोटाला विळखा घालायची आणि पाठीवर गाल टेकून बडबडायची. तो "हं" म्हणायचा. सर मिळाले तरी हं, गेले तरी हं. जयमाला एकदा वैतागून म्हणाली, "अहो, तुमच्यापेक्षा भिंत बरी, निदान आवाज तरी परत देते." त्यालाही तो हं म्हणाला.

आधी तो असा नव्हता. मार्चपासून तसा झाला होता.

रविराज चाकणला एका प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर. पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या प्रेसला दोन बटनं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो, म्हणजे ठोकळा येतो तेव्हा माणसाचे हात बाहेर असतात. सोय चांगली, पण त्यात वेळ जातो. मग कुणीतरी एका बटनात पुठ्ठ्याची पाचर मारतं, ते दाबलेलंच राहतं, आणि माणूस एका हातानं बटन मारतो, दुसऱ्यानं माल लावतो. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी पाहिलेलं नसतं. मार्च अखेरीला गेटवर गाडी उभी होती आणि माल पुरा नव्हता. रविराजनं स्वतःच्या ड्रॉवरमधली पाचर काढली आणि म्हणाला, "बेंजो, मार ही. गाडी थांबलीय."

बेंजो म्हणजे ज्योतीराम, ठेकेदाराचा ऑपरेटर. लग्नाच्या वरातीत, गणपतीत बेंजो पार्टीच्या गाडीवर कीबोर्ड वाजवायचा, म्हणून शॉपमध्ये त्याचं नाव बेंजो पडलेलं. तो म्हणाला होता, "नगं साहेब." एकदाच म्हणाला. तासाभरानं त्याच्या उजव्या हाताची मधली तिन्ही बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

संध्याकाळी वरच्या साहेबानं कागद पुढं सरकवला आणि रविराजनं लिहून दिलं, 'ऑपरेटरने स्वतःच्या मर्जीने बटनात पाचर बसवली.' खाली सही. ठेकेदारानं ज्योतीरामला पुन्हा बोलावलं नाही. त्यानं कामगार कार्यालयात तक्रार केली, पण तिथंही हाच कागद पुढं आला.

पाप केलं की झोप लागत नाही म्हणतात. कोण म्हणतं कुणास ठाऊक, रविराजला गाढ लागायची. जेवणही जायचं. फक्त चव लागत नव्हती. एकदा जयमालानं मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही, तरी त्यानं वाटी चाटूनपुसून ठेवली. आपल्याला काहीच कसं वाटत नाही, याचं सुरुवातीला त्याला आश्चर्य वाटलं. पुढं तेही वाटेनासं झालं.

ऑगस्टात जयमालाच्या भिशीतल्या एका बाईनं नंबर दिला. बाईच्या मोबाइलमध्ये नाव होतं, 'कॅसिओवाले सर'. घर काळेवाडीतच, मुख्य रस्त्याच्या पलीकडच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. "काखेत कळसा नि गावाला वळसा," जयमाला म्हणाली. गुरुवारी कंपनीला सुट्टी, म्हणून रविराज साक्षीला घेऊन गेला.

दारात पोरांच्या चपलांचा ढीग होता. आतून कुणीतरी सा रे ग म घोटत होतं. दार उघडलं आणि समोर ज्योतीराम.

आता हा ओरडेल, शिव्या देईल, गल्ली गोळा करील, असं रविराजला वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्यानं तसं करावं अशी त्याची इच्छाही होती. ज्योतीरामनं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग साक्षीकडं.

"या साहेब. चपला आत काढा, भाईर कुत्रं पळवतंय."

एवढंच. साक्षीला त्यानं पेटीपुढं बसवावं तसं कीबोर्डपुढं बसवलं. तिनं उजव्या हातानं एक गाणं झोकात वाजवून दाखवलं.

"झकास. आन् डावा हात काय उपाशी हाय का?"

साक्षी खुदकन हसली. ज्योतीराम तिच्या डाव्या बाजूला बसला. "आसं करू. उजवा तुजा, डावा माजा. तू गाणं म्हन, मी मागं चालतो. हळूहळू माजं काम तू घ्यायचं. दोन्ही हात कामाला लागल्याबिगर मी कुनाला सोडत न्हाई." आणि त्याचा डावा हात पट्ट्यांवर चालू लागला. उजवा हात मांडीवर होता, त्यावर रुमाल टाकलेला.

रविराजनं त्या रुमालाकडं पाहिलं. आता काहीतरी होईल म्हणून तो वाट पाहत राहिला. काही झालं नाही. दवाखान्यात दात काढायच्या आधी सुई दिल्यावर गाल असतो, तसा तो आख्खा होता. घरी जाताना साक्षी पाठीला गाल लावून म्हणाली, "पप्पा, हेच सर." तो हं म्हणाला.

दुसरे सर बघू असं तो म्हणू शकला असता, पण मग जयमालानं कारण विचारलं असतं. त्यामुळं क्लास सुरू राहिला. दर गुरुवारी तो पोरीला खाली सोडायचा आणि कोपऱ्यावरच्या टपरीपाशी गाडी लावून उभा राहायचा. वर गेला नाही. चोराच्या मनात चांदणं. सर काय काय शिकवतात, हे तो साक्षीला दर वेळी आडून विचारायचा. सर तुझ्या पप्पांबद्दल काही बोलतात का, हे मात्र विचारवलं नाही. "सर म्हणाले डाव्यानं नुसतं चालायचं, धावायचं नाही," असलं काहीतरी ती सांगायची. दिवाळीपर्यंत तिचा डावा हात चालू लागला. घरी ती वाजवायला बसली की जयमाला कुकरची शिट्टी नको म्हणून गॅस बारीक करायची.

नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी साक्षी खिडकीतून ओरडली, "पप्पा, वर या! सरांनी बोलावलंय, पूर्ण गाणं ऐकायला!"

टपरीवाल्यानंही मान वर केली. मग जावंच लागलं.

बाकीची पोरं गेली होती. साक्षीनं दोन्ही हातांनी गाणं वाजवलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकदाही न थांबता. ज्योतीराम भिंतीला टेकून उभा होता. त्या दिवशी रुमाल नव्हता. आपण टाळी वाजवायला हवी, हे रविराजला उशिरा सुचलं.

ज्योतीरामनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, उजवाच. साक्षीनं तो हात दोन्ही हातांत धरून खाली घेतला आणि पोरं विचारतात तसं सरळ विचारलं, "सर, तुमची बोटं कशी गेली? मी कधीपासून विचारणार होते."

"कंपनीत. मशिनीत."

"पण कशी?"

"माझीच चूक." ज्योतीराम सावकाश, शाळेतला धडा म्हणावा तसा, एकदम शुद्ध बोलला. "ऑपरेटरने स्वतःच्या मर्जीने बटनात पाचर बसवली." मग त्यानं रविराजकडं पाहिलं. "कागदावर आसंच हाय ना, साहेब?"

साक्षी वळली. "पप्पा, तुमच्या कंपनीत होते सर?"

हो म्हणून भागलं असतं. ज्याची बोटं गेली त्यानंच कागद वाचून दाखवला होता, आता याला नुसती मान हलवायची होती. आठ महिने त्याला तेच तर जमत होतं. पण पोरीच्या दोन्ही हातांत तो हात होता, आणि तिचा अंगठा त्या गुळगुळीत जागेवरून नकळत फिरत होता.

"पाचर मी दिली होती," रविराज म्हणाला. "ते नको म्हणाले होते. मी दिली आणि मी खोटं लिहिलं."

साक्षीला सगळं कळलं नसावं, पण पुरेसं कळलं. तिनं सरांचा हात सोडला नाही. ज्योतीरामचा चेहरा हललाही नाही.

"हितं सांगून काय उपेग साहेब? हितं तर ह्ये सगळ्यास्नी ठावं हाय. माज्या बायकोला ठावं हाय, शेजाऱ्याला ठावं हाय. जितं लिवलं तितं सांगा." मग साक्षीला म्हणाला, "गॅदरिंगला घाबरायचं न्हाई. चुकलं तर थांबायचं न्हाई, फुडं जायचं."

खाली आल्यावर रविराजनं गाडी सुरू केली. साक्षी मागं बसली. बसली हे गाडी दबल्यावरून कळलं. पोटाला विळखा पडला नाही. गल्ली संपेपर्यंत तो वाट पाहत होता, मुख्य रस्त्याला लागल्यावरही पाहत होता. सिग्नलला त्यानं मान वळवली. ती ताठ बसली होती, दोन्ही हात मागं, सीटच्या लोखंडी कड्याला.

"पडशील, बाळा. नीट धर."

"धरलंय."

दिवा अजून लाल होता.

"तिथं सांगणार का तुम्ही?" तिनं विचारलं.

हं म्हणायला त्याचं तोंड उघडलं. "उद्या सुट्टी टाकतो आणि कामगार कार्यालयात जातो," तो म्हणाला. "नवीन लिहून देतो. जे झालं ते."

"नोकरी जाईल?"

"जाईल बहुतेक."

ती म्हणाली, "तरी सांगा."

दिवा हिरवा झाला, मागच्यानं हॉर्न मारला. गाडी निघाली, पण हात आले नाहीत. पोटावर, जिथं तिची बोटं एकमेकांत अडकायची, तिथं वारा लागत होता. तिथंच दुखू लागलं, चांगलंच. घर येईपर्यंत त्याला दोनदा गाडी कडेला घ्यावी लागली, कारण समोरचं नीट दिसत नव्हतं.