चार बोटं माया

टेलरमास्तरांचं कशातच मन लागत नव्हतं, आणि हे त्यांच्या आधी बायकोला कळलं. एरवी मशीन सुरू झालं की मास्तरांचं तोंडही सुरू व्हायचं. गिऱ्हाइकांची पोटं, राजकारण, स्वतःची कर्तबगारी, कशालाच सुट्टी नसायची. हल्ली मशीन दोन टाके घालून थांबायचं, आणि मास्तर समोरच्या भिंतीकडे बघत बसायचे, जणू भिंतच माप द्यायला आलीय.

"अहो, तुमच्या तोंडावरून इस्त्री फिरवू का?" बायकोने विचारलं. "किती चुण्या पडल्यात!"

"मूड नाही."

"मूड काय जावई आहे, त्याची वाट बघत बसायला? लेक उद्या सकाळी निघतेय. तिचा कोट कधी होणार?"

लेकीला दूरच्या शहरात नोकरी लागली होती, आणि तिथे थंडी कडाक्याची. "कोट मीच शिवणार, नाहीतर टेलर म्हणवून घेणार नाही," असं मास्तरांनी छाती ठोकून सांगितलं होतं. तिचे खांदे-कंबर मापून कोटाचं पाठ-पोट झोकात कापलं, जोडलं, आणि बाह्यांपाशी घोडं पेंड खाऊ लागलं. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता शेवटचा दिवस उजाडला.

शेजारच्या न्हाव्याने मोकळ्या हवेत फिरून यायला सांगितलं. मास्तर कोपऱ्यापर्यंत गेले आणि दुप्पट वैतागून परतले. बायकोने आंघोळ सुचवली. त्या दिवशीची ती दुसरी आंघोळ. मास्तर फक्त ओले झाले.

शेवटी बायको कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मन राहू द्या बाजूला, नुसते हात चालवा. एक बाही कापा, मग खुशाल रुसून बसा."

एका बाहीपुरतं मास्तरांना पटलं. टेप गळ्यातच लोंबत होती, पण ती काढायचाही कंटाळा, आणि लेकीला हाक मारायचा तर त्याहून मोठा. 'पोटच्या पोरीच्या हाताचं माप मला कशाला हवं?' असं पुटपुटत त्यांनी अंदाजाने कात्री चालवली. एक झाली तशी दुसरीही होऊन गेली. दिवेलागणीला कोट तयार!

लेकीने तो चढवला. अंगात नेमका बसला, पण बाह्या मनगटाच्या बऱ्याच अलीकडे थांबल्या.

"बाबा, तिकडे मला भांडी घासायला पाठवताय का?"

बायको हसून हसून खालीच बसली. "अहो, हे माप हिच्या शाळेच्या कोटाचं! सातवीतलं!"

मास्तरांना एकदम ती सातवीतली पोर दिसली. स्टुलावर उभी, टेप लावली की "बाबा, गुदगुल्या!" म्हणून खिदळणारी.

"म्हणजे मला कंटाळा आला नव्हता तर," ते म्हणाले. "मला हिला पाठवायचंच नव्हतं."

"मला हे केव्हाचं ठाऊक आहे," बायको म्हणाली. "तुम्हाला कधी कळतंय, तेवढंच बघत होते. पण आता कोटाचं काय? कापड संपलंय ना?"

मास्तरांनी बाही उलटी केली आणि बोटांनी चाचपली. चेहऱ्यावरच्या चुण्या आपोआप उलगडल्या.

"चार बोटं माया आहे आत! अगं, पोरांचं शिवायचं म्हटलं की माझा हात आपसूक जादा कापड दुमडून ठेवतो. वाढत्या अंगाचं!"

आणि मशीन सुरू झालं. मास्तरांचं तोंडही. न्हाव्याला अक्कल नाही इथपासून सरकार पडेल इथपर्यंत सगळं उरकून त्यांनी लेकीचा हात सरळ धरला. या वेळी टेप लावूनच मापला. बाह्या मनगटावर अचूक उतरल्या.

लेकीने काठ उलटून पाहिला. "अजून बोटभर माया ठेवलीत आत. मी आता काय वाढणार, बाबा?"

"ते तुला काय माहीत?" मास्तर नाक ओढत म्हणाले. "वाढलीस की उसवून घ्यायला इथेच यायचं. दुसऱ्या टेलरला हात लावू द्यायचा नाही."